लेफ्टनंट कर्नल चार्ल्स अँडरसन आणि मुआरची माघार : एका गौरवलेखाची छाननी

(१) प्रस्तुत कागद

लंडन गॅझेटमध्यें १३ फेब्रुवारी १९४२ रोजीं ऑस्ट्रेलियन पायदळांतील एका अधिकाऱ्यास व्हिक्टोरिया क्रॉस हें पदक दिल्याचा लेख प्रसिद्ध झालेला आहे. अधिकाऱ्याचें नांव चार्ल्स ग्रोव्ह्ज राइट अँडरसन, हुद्दा लेफ्टनंट कर्नल, व पलटण ऑस्ट्रेलियन इंपीरियल फोर्सची २/१९ वी. लेख लहानसा आहे. त्यांत १८ ते २२ जानेवारी १९४२ या पांच दिवसांत मलायामध्यें झालेल्या एका झुंजीचें वर्णन असून त्यांतील मुख्य कलमें येणेंप्रमाणें आहेत : (अ) एका महत्त्वाच्या ठाण्याची स्थिति सांवरण्यासाठीं व एका ब्रिगेडला साह्य करण्यासाठीं अँडरसन यांस लहानशी फौज देऊन पाठविण्यांत आलें, (आ) त्यांच्या फौजेनें शत्रूचे दहा रणगाडे नष्ट केले, (इ) वाट तोडली गेल्यावर त्यांनीं शत्रूच्या फळींतून पंधरा मैल मार्ग काढला, (ई) पूल धरून बसलेल्या शत्रूवर त्यांनीं स्वतः चाल केली व चार ‘गन’ निकामी केल्या, (उ) या सर्व अवधींत त्यांनीं जखमींचें रक्षण केलें व त्यांस सोडून जाण्याचें नाकारलें.

हा कागद समकालीन आहे, सरकारी आहे, व त्याच्या अस्सलपणाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. घटना घडून बावीस दिवसांच्या आंत तो छापून निघाला. लेख छापून दोन दिवस झाले नाहींत तोंच, १५ फेब्रुवारीस, सिंगापूर पडलें आणि ज्यास पदक मिळालें तो अधिकारी जपान्यांचा कैदी झाला. यापुढें साडेतीन वर्षें त्यास स्वतः कांहीं सांगतां आलें नाहीं. अशा स्थितींत हा लेखच त्या लढाईची पहिली व कित्येक वर्षें मुख्य हकीकत होऊन बसला. उत्तरकाळीं जीं साधनें पुढें आलीं तीं त्याच्याशीं ताडून पाहिलीं असतां कांहीं कलमें पुरतीं टिकतात, कांहीं दुरुस्त करावीं लागतात, आणि एक गोष्ट या लेखांत नांवानिशीं मुळींच आलेली नाहीं असें दिसून येतें. ती गोष्ट म्हणजे ज्या ब्रिगेडला साह्य करण्यासाठीं अँडरसन गेले ती ब्रिगेड हिंदी होती ही. अस्सल समकालीन कागद हाच श्रेष्ठ पुरावा असें आम्ही नित्य म्हणतों व तें योग्यच आहे. परंतु असा कागददेखील कोणी, कोठें बसून, कोणाच्या तोंडून ऐकून लिहिला हें पाहिल्यावांचून त्याचें मोल ठरत नाहीं. हें तत्त्व या एका अधिकाऱ्याच्या चरित्रावरून स्पष्ट करावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(२) अँडरसन यांचें पूर्ववृत्त

अँडरसन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८९७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत केप टाउन येथें झाला. वडील इंग्रज, आई बेल्जियन. ते लहान असतांनाच कुटुंब पूर्व आफ्रिकेंत राहावयास गेलें, व त्यांचें शिक्षण कांहीं काळ इंग्लंडांत ब्रिस्टल येथें झालें. पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर १९१४ मध्यें ते साधे शिपाई म्हणून दाखल झाले; आणि येथें एक चमत्कारिक योग आढळतो, तो असा कीं त्यांची आरंभींची नोकरी हिंदुस्थानांतून पूर्व आफ्रिकेंत आलेल्या कलकत्ता व्हॉलंटियर या पथकांत झाली. १३ ऑक्टोबर १९१६ रोजीं त्यांस किंग्ज आफ्रिकन रायफल्स या सैन्यांत लेफ्टनंटची जागा मिळाली. जर्मन सेनापति लेटो-फोर्बेक याच्याविरुद्ध चाललेल्या मोहिमेंत, पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेंतील लढायांत दाखविलेल्या शौर्याबद्दल त्यांस मिलिटरी क्रॉस मिळाला. १९१९ सालीं ते कॅप्टनच्या हुद्द्यावरून मोकळे झाले.

ही आफ्रिकेंतील मोहीम पुढील वृत्त समजण्यास अवश्य आहे. तेथें सलग मोर्चे नव्हते, खंदकांच्या रांगा नव्हत्या. दाट झाडींतून लहान तुकड्यांनीं चालावें, बगलेवरून अचानक हल्ला यावा, पिछाडीची वाट केव्हांही तुटावी, असें तेथील युद्ध होतें. मलायामध्यें १९४१-४२ सालीं उतरलेल्या अधिकाऱ्यांपैकीं झाडींतील युद्धाचा असा प्रत्यक्ष अनुभव फारच थोड्यांस होता.

१९३१ सालीं त्यांनीं एका ऑस्ट्रेलियन स्त्रीशीं विवाह केला, व १९३४ सालीं न्यू साउथ वेल्स प्रांतांत यंग या गांवाजवळ शेती घेऊन ते तेथेंच स्थायिक झाले. मार्च १९३९ मध्यें ते तेथील नागरी सेनेच्या ५६ व्या पलटणींत कॅप्टन झाले व त्याच वर्षीं मेजरच्या हुद्द्यावर चढले. जुलै १९४० मध्यें परदेशीं जाणाऱ्या २/१९ व्या पलटणींत त्यांची दुय्यम अधिपति म्हणून नेमणूक झाली. ही पलटण २२ व्या ऑस्ट्रेलियन ब्रिगेडची असून फेब्रुवारी १९४१ मध्यें सिंगापुरास उतरली. ऑगस्ट १९४१ मध्यें पहिले अधिपति मॅक्सवेल यांस ब्रिगेडियरची जागा मिळाल्यावर पलटण अँडरसन यांच्या हातीं आली. त्यांनीं शिपायांस रबराच्या मळ्यांतून व जंगलांतून चालण्याचा, लहान टोळ्यांनीं लढण्याचा सराव दिला. पुढें पांच महिन्यांनीं हा सराव कामास आला.

(३) मुआर नदीचें ठाणें व ४५ वी हिंदी ब्रिगेड

मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जोहोर संस्थानाच्या हद्दींत, मुआर नांवाची नदी समुद्रास मिळते. जानेवारी १९४२ च्या मध्यास ब्रिटिश फौजांचा मुख्य गट सेगामातच्या आसपास मोठ्या सडकेवर होता. या गटाचे अधिपति मेजर जनरल गॉर्डन बेनेट होत. सेगामातहून दक्षिणेस येणारी सडक योंग पेंग येथें मिळते, आणि मुआरच्या मुखाकडून बक्री व परित सुलोंग या गांवांवरून येणारा रस्ताही तेथेंच मिळतो. म्हणजे मुआरची बाजू फुटून जपानी योंग पेंगला आधीं पोंचले तर सेगामातकडील सर्व फौज कोंडली जाणार हें उघड होतें.

ही बाजू राखण्याचें काम ४५ व्या हिंदी ब्रिगेडकडे होतें. तींत तीन पलटणी होत्या : सहाव्या राजपुताना रायफल्सची ७ वी, नवव्या जाट रेजिमेंटची ४ थी व अठराव्या रॉयल गढवाल रायफल्सची ५ वी. ब्रिगेडियर एच. सी. डंकन हे तिचे अधिपति. ही ब्रिगेड मुळांत १७ व्या हिंदी डिव्हिजनची होय. ती डिव्हिजन १९४१ सालीं आमच्या अहमदनगर येथें उभारण्यांत आली, हें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. तिची तालीम मध्यपूर्वेंतील उघड्या मुलखासाठीं झाली होती. पुढें जपानशीं युद्ध सुरू झाल्यावर ब्रिगेडची रवानगी मलायाकडे झाली. ३ जानेवारी १९४२ रोजीं ती सिंगापुरास उतरली व दोन आठवड्यांच्या आंत तिच्यावर जपानी सम्राटाच्या खाशा गार्ड्स डिव्हिजनचा घाव पडला.

शिपाई बहुतेक नवे, कित्येक अठरा वर्षांच्याही आंतले. जुने सुभेदार-हवालदार नव्या पलटणी उभारण्यासाठीं वांटले गेल्यामुळें प्रत्येक पलटणींत अनुभवी माणूस थोडा. अशा ब्रिगेडला वळणावळणाच्या नदीचा वीसाहून अधिक मैलांचा कांठ संभाळावयास दिला होता. शिवाय पुढच्या दोन पलटणींच्या प्रत्येकीं दोन कंपन्या नदीच्या पलीकडे, म्हणजे शत्रूच्या बाजूस, ठेवल्या होत्या. नदीवर पूल नव्हता. १५ जानेवारीस जपानी आले तेव्हां पलीकडच्या कंपन्या कापल्या गेल्या, १६ तारखेस शत्रू नदी उतरला, व मुआर गांव पडलें. गढवाली व राजपुताना पलटणींचे अधिपति ठार झाले, व उरलेलें सैन्य बक्रीकडे हटत आलें.

(४) बक्री : १८ जानेवारी

बेनेट यांनीं प्रथम २/२९ वी ऑस्ट्रेलियन पलटण बक्रीकडे पाठविली. तिचे अधिपति लेफ्टनंट कर्नल रॉबर्टसन. तिजबरोबर २/४ थ्या रणगाडाविरोधी रेजिमेंटच्या कांहीं तोफा होत्या. १८ जानेवारीस पहांटे जपानी हलके रणगाडे मुआर-बक्री रस्त्यावरून एकामागें एक आले. तोफा रस्त्याच्या वळणाशीं दबा धरून होत्या. त्यांनीं थोड्या अंतरावरून मारा करून सर्व रणगाडे रस्त्यावरच जाळले. या प्रसंगाचें एक छायाचित्र ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संग्रहांत असून, पुढें तोफ व पलीकडे रस्त्यांत अडून पडलेले रणगाडे त्यांत स्पष्ट दिसतात. त्याच दिवशीं रॉबर्टसन जखमी होऊन मरण पावले.

अँडरसन यांची पलटण पूर्व किनाऱ्याकडील जेमालुआंग भागांतून रातोरात निघून त्याच सकाळीं बक्रीस पोंचली. परंतु ती आली तेव्हां रणगाड्यांचा निकाल लागून गेला होता.

(५) १९ व २० जानेवारी

१९ तारखेस सकाळीं जपानी विमानांचा बाँब ब्रिगेडच्या मुख्य ठाण्यावर पडला. ठाण्यांतील बहुतेक अधिकारी मेले, आणि डंकन यांस जबर धक्का बसून ते कांहीं काळ बेशुद्धवत् झाले. येथून सर्व फौजेचा अधिकार अँडरसन यांच्याकडे आला. जाट पलटण ठाण्याकडे हटून येत असतां तिचा अधिपति पडला. २/२९ वी पलटण मागें घेतांना तिची फळी तुटली, व जेमतेम दोनशे माणूस अँडरसन यांस येऊन मिळालें. बाकीचे झाडींत पांगले. दरम्यान मागील रस्त्यावर शत्रूनें नाकीं बसविलीं होतीं.

२० तारखेच्या सकाळीं कूच सुरू झालें. क्रम असा होता कीं पुढें पायदळ, मध्यें जखमींच्या व दारूगोळ्याच्या गाड्या, मागें हिंदी तुकड्या व तोफखाना. रस्त्याच्या दोहों बाजूंस दलदल व रबराचे मळे, यामुळें गाड्यांस रस्ता सोडतां येत नव्हता. आणि रस्ता सोडला तर जखमी सोडावे लागत होते. या माघारींतील प्रत्येक निर्णयाचें मूळ येथें आहे. वाटेंत एकामागून एक नाकीं फोडावीं लागलीं. एका नाक्यावर दोन मशीनगनींच्या माऱ्यापुढें पायदळ अडून राहिलें, तेव्हां अँडरसन स्वतः पुढें झाले व हातबाँब फेंकून त्यांनीं ते दोन्ही अड्डे बंद पाडले. सायंकाळच्या सुमारास आडवीं पाडलेलीं झाडें व गाड्या यांचें एक मोठें नाकें कुऱ्हाडी व संगिनी यांच्या बळावर मोकळें झालें. पिछाडीवर शत्रू चालून आला असतां डंकन, जे तोंवर सावध झाले होते, हिंदी शिपायांची एक तुकडी घेऊन संगिनीनिशीं उलटून पडले, व त्या चढाईंतच ठार झाले. ब्रिगेडियर व तिन्ही पलटणींचे अधिपति एका आठवड्यांत पडले, अशी ही ब्रिगेड होती.

(६) परित सुलोंग : २१ व २२ जानेवारी

२१ तारखेच्या पहांटे फौज परित सुलोंगजवळ आली. तेथील पुलावर ठेवलेली ब्रिटिश तुकडी, मागून कांहीं वर्तमान न आल्यामुळें, आधींच निघून गेली होती, व पूल जपान्यांच्या हातीं पडला होता. दिवसभर पुलावर हल्ले झाले, परंतु ते निष्फळ ठरले. मागून नवे रणगाडे आले, वरून विमानें मारा करूं लागलीं, व रस्त्याच्या अर्ध्याएक मैलाच्या पट्टींत सर्व फौज कोंडली गेली. अन्न संपलें, औषध संपलें, तोफांचे गोळे संपत आले.

सायंकाळीं अतिशय गंभीर जखमींच्या दोन गाड्या पुलाकडे पाठवून त्यांस जाऊं द्यावें अशी विनंति करण्यांत आली. जपान्यांनीं उत्तर दिलें कीं सर्व फौज शरण येईल तर जखमींची व्यवस्था करूं. अँडरसन यांनीं तें नाकारलें. मग त्या गाड्या पुलावरच अडकवून ठेवण्यांत आल्या व हलल्यास गोळी घालूं अशी धमकी मिळाली. रात्र झाल्यावर जखमींपैकींच एक अधिकारी लेफ्टनंट ऑस्टिन व एक गाडीवान यांनीं अडण्या सोडल्या, आणि उतारावरून गाड्या आवाज न करतां परत आपल्या बाजूस येऊं दिल्या.

बिनतारी यंत्रानें बेनेट यांस मागणी पोंचल्यावर २२ तारखेस पहांटे सिंगापुराहून विमानें आलीं. त्यांनीं अन्न व गुंगीचें औषध टाकलें आणि पुलापलीकडे बाँब टाकले. पुलावरील शत्रू मात्र हटला नाहीं. साह्यास फौज येऊं शकत नाहीं असें वरून कळून चुकलें होतें. सकाळीं नऊच्या सुमारास अँडरसन यांनीं हुकूम दिला : तोफा व गाड्या मोडून टाकाव्या, चालतां येईल त्यानें लहान टोळ्यांनीं झाडींतून योंग पेंग गांठावें. ज्यांस चालतां येत नव्हतें असे सुमारें १५० जखमी, त्यांपैकीं अदमासें ११० ऑस्ट्रेलियन व ४० हिंदी, शत्रू युद्धनीति पाळील या आशेवर मागें राहिले.

सुमारें ५०० ऑस्ट्रेलियन व ४०० हिंदी शिपाई आपल्या फळींत येऊन मिळाले. मागें राहिलेल्यांस जपान्यांनीं एका इमारतींत कोंडलें, पाणी दिलें नाहीं, व दिवस मावळण्याच्या सुमारास बाहेर काढून मारलें, आणि प्रेतांवर तेल ओतून जाळलें. हिंदी जखमींचीही तीच गति झाली. थोडेच जण निसटले. त्यांतील लेफ्टनंट बेन हॅक्नी मोडलेल्या पायानें सरपटत ३६ दिवस शत्रूच्या मुलखांत राहिले व नंतर पकडले गेले. त्यांचें निवेदन या हत्याकांडाचें मुख्य साधन आहे. १९५० सालीं मॅनस बेटावर ऑस्ट्रेलियन लष्करी न्यायालयापुढें गार्ड्स डिव्हिजनचे सेनापति ताकुमा निशिमुरा यांची चौकशी झाली व ११ जून १९५१ रोजीं त्यांस फांशी देण्यांत आलें. हुकूम नेमका त्यांनींच दिला कीं काय याविषयीं पुढें १९९६ सालीं एका ग्रंथकारानें संशय घेतला आहे. परंतु हत्याकांड घडलें याविषयीं दुमत नाहीं.

(७) गौरवलेखाची छाननी

आतां मूळ कागदाकडे वळूं. ताडून पाहण्यास मुख्य उत्तरकालीन साधनें दोन : जनरल पर्सिव्हल यांचा खलिता, जो १९४८ सालीं गॅझेटच्या पुरवणींत छापला गेला, व लायनेल विगमोर यांनीं लिहिलेला ऑस्ट्रेलियन सरकारचा अधिकृत इतिहास, जो १९५७ सालीं निघाला. दुसरा ग्रंथ कैदेंतून सुटून आलेल्यांच्या जबान्यांवर व पलटणींच्या टिपणांवर आधारलेला आहे.

पहिलें कलम रणगाड्यांचें. गौरवलेखांत दहा ही संख्या आहे. अधिकृत इतिहासांत नऊ. हा फरक किरकोळ समजावा. महत्त्वाची गोष्ट ही कीं ते रणगाडे रॉबर्टसन यांच्या पलटणीपुढें व रणगाडाविरोधी तोफखान्याच्या हातून, अँडरसन अधिपति होण्यापूर्वीं पुरता एक दिवस, नष्ट झाले. ‘त्यांची फौज’ हा शब्द जर पुढें त्यांच्याखालीं एकवटलेल्या सर्वांस लावला तर वाक्य खरें ठरतें, एरवीं नाहीं. आमच्या बखरींतही एका सरदाराच्या नांवावर संपूर्ण मोहिमेचा यशोलेख जमा झालेला आढळतो. त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें कलम पुलाचें. लेख म्हणतो पुलावरील शत्रूवर चाल करून चार ‘गन’ निकामी केल्या. अधिकृत इतिहासांत अँडरसन यांचें स्वतःचें धाडस येतें तें पुलावर नव्हे, तर २० तारखेच्या नाक्यावर, आणि तेथें मशीनगनींचे अड्डे दोन. इंग्रजी भाषेंत ‘गन’ हा शब्द तोफेसही लावतात व मशीनगनीसही. म्हणून भाषांतर करणाऱ्यानें येथें ‘तोफा’ असें लिहिल्यास मोठा विपर्यास होईल. आमचा अदमास असा कीं निरनिराळ्या दिवसांचे व निरनिराळ्या माणसांचे पराक्रम योंग पेंगला आलेल्या थकल्याभागल्या लोकांच्या तोंडून एकत्र झाले, व लिहिणाऱ्यानें ते एका वाक्यांत गुंफले. अँडरसन यांचें शौर्य यानें कमी होत नाहीं. तें कोठें झालें एवढेंच बदलतें.

तिसरें कलम पंधरा मैलांचें. बक्रीपासून परित सुलोंगपर्यंतचें अंतर त्याशीं जुळतें. हें कलम जसेंच्या तसें ग्राह्य आहे.

चौथें व सर्वांत नाजूक कलम जखमींचें. लेखांतील शब्द वाचणाऱ्यास असें वाटेल कीं जखमी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिले. तसें झालें नाहीं. २१ तारखेस त्यांनीं जखमींसाठीं शरणागति पत्करली नाहीं, व २२ तारखेस जखमी मागें ठेवून फौज काढून नेली. या दोन निर्णयांकडे एकत्र पाहिलें म्हणजे त्यांची कठोरता कळते. ते शरण गेले असते तर नऊशे माणूस वांचलें नसतें, किंवा निदान आधींपासूनच कैदेंत गेलें असतें. आणि जखमींचें काय झालें असतें हें त्या शत्रूची पुढची करणी पाहतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. परंतु दोन दिवस व दोन रात्री, गाड्यांसाठीं रस्ता न सोडतां, नाकें फोडून फोडून जी वाट काढली ती जखमींसाठींच काढली होती. तेवढ्या काळापुरतें गौरवलेखाचें विधान अक्षरशः खरें आहे; शेवटच्या सकाळीं मात्र तें थांबतें. तो लेख लिहिणारास परित सुलोंगच्या त्या इमारतींत काय घडलें हें ठाऊक नव्हतें. आम्हांस ठाऊक आहे, म्हणून तें वाक्य आम्हीं पुऱ्या संदर्भानें वाचलें पाहिजे.

(८) जें लेखांत नाहीं

गौरवलेखांत ‘एका ब्रिगेडला साह्य’ एवढेच शब्द आहेत. ती ब्रिगेड कोणती, तिचे शिपाई कोण, तिचे अधिपति कसे पडले, यांविषयीं अक्षर नाहीं. गौरवलेख एका माणसापुरता असतो, म्हणून यास दोष म्हणतां येत नाहीं. परंतु पुढें जेव्हां पराभवाचा हिशेब झाला तेव्हां ही उणीव जाणवूं लागली. बेनेट यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हिंदी पलटणींवर टीका आहे. उलट पर्सिव्हल यांनीं आपल्या खलित्यांत स्पष्ट लिहिलें कीं ही ब्रिगेड युद्धावर पाठविण्याजोगी कधींच तयार झालेली नव्हती, आणि दोष माणसांचा नसून त्यांच्या कच्चेपणाचा होता. त्याच खलित्यांत ते मुआरची झुंज सर्व मलाया मोहिमेंतील थोर कृत्यांपैकीं एक मानतात, कारण या लहान फौजेनें खाशा गार्ड्स डिव्हिजनला जवळजवळ आठवडाभर थोपवून सेगामातकडील फौजेस निसटण्यास अवधि मिळवून दिला. हा आठवडा मोजतांना पहिले दिवस केवळ हिंदी ब्रिगेडचे आहेत, व शेवटच्या दिवसांतही वांचलेल्यांपैकीं चारशे हिंदी आहेत, हें विसरतां कामा नये.

या ब्रिगेडच्या बाजूचे कागद इतके थोडे कां, याचें कारण वर आलेंच आहे. मुख्य ठाणें बाँबनें उडालें. गाड्या हुकुमानें मोडण्यांत आल्या. लिहूं शकणारे अधिकारी मेले. ब्रिगेडच पुढें मोडून तिचें नांव सैन्यांतून गेलें. ज्यांच्या समाधीचा ठाव नाहीं अशा हिंदी शिपायांचीं नांवें सिंगापुरांत क्रांजी येथील स्मारकावर, एकंदर चोवीस हजारांहून अधिक नांवांमध्यें, कोरलेलीं आहेत. तोच काय तो त्यांचा दगडी दफ्तरखाना.

(९) अँडरसन यांचें उत्तरवृत्त व एक विनंति

सिंगापूर पडल्यावर अँडरसन चांगी येथें कैदेंत गेले. मे १९४२ मध्यें ‘ए फोर्स’ नांवाच्या कैद्यांच्या जथ्याबरोबर त्यांस ब्रह्मदेशांत नेण्यांत आलें. तेथें त्यांच्या हाताखालील तुकडी त्यांच्याच नांवानें ओळखली जाई. या लोकांनीं ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर काम केलें. ती १९४३ सालीं पुरी झाली, व तिच्यापायीं हजारों कैदी व त्यांहूनही अधिक आशियाई मजूर मेले. सुटकेनंतर अँडरसन आपल्या शेतीवर परत गेले. ह्यूम मतदारसंघांतून ते १९४९ ते १९५१ व पुन्हा १९५५ ते १९६१ पर्यंत ऑस्ट्रेलियन पार्लमेंटचे सभासद होते. ११ नोव्हेंबर १९८८ रोजीं, म्हणजे पहिलें महायुद्ध थांबल्यास बरोबर सत्तर वर्षें झालीं त्या दिवशीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं कॅनबेरा येथें त्यांचें निधन झालें.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा. गौरवलेख हें समकालीन साधन म्हणून मोलाचें आहे. त्यावरून मनुष्याची योग्यता कळते, परंतु स्थळ, संख्या व श्रेय यांसाठीं तें एकटें पुरेसें नाहीं. जें साधन घटनेच्या निकट असतें तें नेहमींच घटनास्थळाच्या निकट असतें असें नाहीं. उलट, आठ-पंधरा वर्षांनंतरची जबानी, ती देणारा त्या रस्त्यावर स्वतः होता तर, कित्येक कलमांत अधिक विश्वसनीय ठरते.

शेवटीं आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति करावयाची आहे. १९४१ सालीं अहमदनगर येथें उभारलेल्या १७ व्या डिव्हिजनच्या छावणीसंबंधींचे कागद, म्हणजे कंत्राटदारांच्या वह्या, जागा ताब्यांत घेतल्याच्या नोटिसा, शिपायांचीं पगारपुस्तकें, टपालाचीं कार्डें, छायाचित्रें, या भागांतील घरांत अजूनही पडून असण्याचा संभव आहे. अशा वस्तु रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांची नोंद व्हावी. मुआरच्या कांठीं पडलेल्या त्या तरुण शिपायांनीं तीन आठवड्यांच्या आंत आपली सारी लष्करी कारकीर्द संपविली; त्यांच्या पूर्ववृत्ताचे धागे कोठें सांपडले तर ते येथेंच सांपडतील असें आम्हांस वाटतें.